आईनं बंद केलेलं पाणी

अमोल, माझा धाकटा भाऊ, आखातात मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. यंदा मी त्याच्याकडे जुलैत गेले. जुलैत तिकडे कुणी जात नाही, तिकडचीच माणसं इकडे येतात. पण मला रजा तेव्हाच मिळाली. विमानतळावरून घरी पोचलो, मी हातपाय धुवायला बाथरूममध्ये शिरले आणि सवयीनं निळ्या खुणेचा नळ सोडला. मागून भाची ओरडली, "आत्या, नॉट दॅट वन! यूज द रेड वन."

तोवर बोटं भाजली होती. उन्हाळ्यात तिथे गार पाण्याच्या नळाला चहा टाकण्याइतकं गरम पाणी येतं, कारण गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापते. म्हणून मे उजाडला की घराघरात गीझर बंद करतात. मग गीझरच्या पोटात, घरातल्या थंडाव्यात साठलेलं पाणी निवतं आणि गरम पाण्याच्या नळाला गार पाणी येतं. हे मी त्या पोरीच्या बापाला त्याच्या लहानपणी शिकवलं होतं. आणि आता ती मला शिकवत होती.

त्या पाण्याला वास आला. तापलेल्या फायबरच्या टाकीचा, क्लोरीनचा, आणि त्याखाली कुठेतरी काहीच नसल्याचा. गोड्या केलेल्या समुद्राला असा एक कोरा वास असतो. मी तशीच ओंजळ धरून उभी राहिले. बाहेरून अमोलनं विचारलं, "ताई, सगळं ठीक ना गं?" मी हो म्हटलं. पण मी तेव्हा त्याच्या घरात नव्हतेच, आमच्या बेटावर होते.

नव्वदच्या दशकात आम्ही त्या बेटावर राहत होतो. पश्चिमेकडच्या किनाऱ्यावरून फेरीनं जायचं. फेरीवर डिझेलचा, सुकवलेल्या मासळीचा आणि खजुराच्या पेट्यांचा मिळून एक वास असे, आणि पायाखालचं लोखंड चपलेतून चटके देई. बेट दिसायचं ते आधी एका पांढऱ्या रेघेसारखं. मग त्या रेघेला एका टोकाला धुराडी फुटत, दुसऱ्या टोकाला मशिदीचा मनोरा फुटे, आणि मध्ये बुटक्या पांढऱ्या घरांची रांग. धुराड्यांच्या टोकाला बाबा काम करत. तिथे समुद्राचं पाणी आत ओढून गोडं करायचे आणि शेजारच्याच शेडमध्ये वीज करायचे. ऑफिसच्या कागदांवर त्याचं नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला प्लांट म्हणायचो, बेटावरची माणसं मकीना म्हणत. "मकीना कैसा?" असं बाबांना रस्त्यात कुणीही विचारी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत विचारावी तसं. "मकीना झेन," बाबा सांगत. म्हणजे बरं आहे. विचारणारा समाधानानं पुढे जाई.

बेटावर नदी नव्हती, तळं नव्हतं, पाऊस वर्षातून एखाद्या सकाळी येऊन जाई. प्यायचा प्रत्येक घोट त्या शेडमधून यायचा. मला वाटतं, त्यामुळेच तिथल्या घरांमध्ये पाण्याचा एक मान होता. टाकी भरायला लागली की गच्चीवरून आधी खडखड आणि मग भरदार घूं असा आवाज येई, आणि आम्ही मुलं अभ्यास सोडून ऐकत बसायचो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही वाया जात नसे. आमच्या एसीखाली आईनं कढीपत्ता लावला होता. शेजारच्या एसीखाली बोरीचं झाड होतं, तिथे त्याला सिद्र म्हणत. एका खोलीच्या थंडाव्यावर ते झाड वाढलं होतं. त्याची बोरं आम्हाला भिंतीवरून यायची, ताटली भरून, वर ओला रुमाल टाकून.

ती पाठवणारी उम्म सालिम. म्हणजे सालिमची आई. तिचं स्वतःचं नाव मला कधीच कळलं नाही. तिथे बायकांना थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, त्यामुळे आमची आईही 'उम्म अमोल' झाली. अमोलहून मी चार वर्षांनी मोठी, पण माझं नाव त्यात कुठे नाही, याचा मला तेव्हा राग यायचा. उम्म सालिमला हिंदी येत असे. तिचे वडील मोत्यांच्या गलबतांवर होते आणि मुंबईला जाऊन येऊन असत, त्यांच्या तोंडून ती शिकली होती. त्या हिंदीत स्त्रीलिंग नव्हतं. "मैं आता," "मैं बोलता," असं ती म्हणायची, आणि आईही तिच्याशी बोलताना तसंच बोलायला लागली होती.

एकदा आमच्या अंगणातला नळ थेंब थेंब गळत होता. आम्हाला कुणाला पत्ता नाही. उम्म सालिम मधल्या भिंतीतलं छोटं दार ढकलून आली, तिनं नळ घट्ट पिळला, वर हात ठेवून काहीतरी पुटपुटली आणि आल्या पावली परत गेली. आईला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे कितीतरी वर्षं, पुण्यातसुद्धा, झोपण्याआधी आई सगळे नळ हातानं चाचपून बघायची.

आई रसायनशास्त्राची एमएस्सी. लग्नाआधी ती पुण्यात ज्युनियर कॉलेजात शिकवत होती. बेटावर आल्यावर पहिली दोन वर्षं तिनं चकल्या केल्या, पडदे शिवले आणि चहाला चव नाही म्हणून पाण्याला नावं ठेवली. मग प्लांटच्या लॅबमधले म्हातारे सुदानी केमिस्ट गावी गेले ते परत आलेच नाहीत, आणि त्या टोकाच्या बेटावर यायला दुसरं कुणी तयार होईना. एका शुक्रवारी प्लांटचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, आमच्या घरी आले. उंच, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले, कमी बोलणारे. बाबांकडे नव्हे, आईकडे बघून म्हणाले, "मॅडम, आपको पानी का मालूम है. आप आएगा?"

आईनं बाबांकडे बघितलं नाही. "आयेगा," ती म्हणाली. तिची साडी फोडणीच्या तेलानं माखलेली होती.

पहिल्या दिवशी ती प्लांटमध्ये गेली ती नेसत्या सुती साडीत, आणि साडीखाली पोलादी टोकाचे सेफ्टी शूज. बाबांनी हसू दाबलं. ती म्हणाली, "हसा हसा. बूट नियमात आहेत, साडी माझ्यात आहे."

मला आठवतं ते तिचं पाण्याचा वास घेणं. लॅबमध्ये मापं घेणारी यंत्रं होती, पण सगळ्यात आधी ती काचेच्या पेल्यात दोन बोटं पाणी घेई, पेल्यावर तळवा झाकून गोल गोल फिरवी, मग तळवा किंचित उचलून नाक जवळ नेई आणि डोळे मिटे. देवघरात तीर्थ घेतानाही ती इतकी गंभीर नसे. नाक स्वच्छ राहावं म्हणून तिनं सकाळच्या वेळी कांदा-लसूण सोडला, वेलदोड्याचा चहा सोडला. सुट्टीत मी तिच्याबरोबर लॅबमध्ये जाऊन पुस्तक वाचत बसायची, तेव्हा ती मला पेला पुढे करून विचारायची, "सांग, कसला?" मला कसलाच यायचा नाही. "शाब्बास," ती म्हणायची. "कसलाच नाही, हाच बरोबर वास."

त्या वर्षी उन्हाळ्यात कॉलनीतली बरीचशी कुटुंबं भारतात गेली. आम्ही राहिलो, कारण आईची नोकरी नवी होती. आणि दवाखान्यातली नर्स फिलोमिना आंटी राहिली. ती मूळची वसईची, आईची तिथली एकुलती एक मराठी मैत्रीण. ती राहिली ती उम्म सालिमच्या सुनेसाठी. मरियमचे दिवस भरत आले होते आणि किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलात जायला ती घाबरत होती. शेवटी तिला इथेच मुलगी झाली, वेळेच्या थोडी आधी. फिलोमिना आंटी संध्याकाळी आमच्याकडे येऊन पंख्याखाली टेकायची आणि म्हणायची, "वहिनी, उंदराएवढी आहे गं. पण मूठ कशी आवळते बघ."

ती मुलगी थोड्याच दिवसांची होती तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ. मी लॅबमध्ये खिडकीशी बसले होते. आईनं समुद्राकडून आत येणाऱ्या पाण्याचा पेला घेतला, फिरवला, नाकाशी नेला आणि डोळे मिटायच्या ऐवजी उघडले. तो पेला ओतून दुसरा घेतला. मग तिसरा. मग फोन उचलून बाबांना कंट्रोल रूममधून बोलावून घेतलं.

"वास घ्या हो जरा."

बाबांनी घेतला. "काही नाही गं."

"रॉकेल."

बाबांनी पुन्हा घेतला. "मला नाही येत."

मुदीर आले. त्यांनी वास घेतला, खिडकीशी जाऊन समुद्राकडे बघितलं. समुद्र निळाशार होता, काचेच्या तुकड्यासारखा. तेल मोजायचं यंत्र बेटावर नव्हतं. नमुना फेरीनं किनाऱ्यावर पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची, एवढंच करता येण्यासारखं होतं. तोवर पाणी आत घ्यायचं की नाही, हा प्रश्न. आणि प्रश्न फक्त पाण्याचा नव्हता. विजेची इंजिनं थंड ठेवायलाही त्याच पाइपातून येणारं समुद्राचं पाणी लागे. पाइप बंद केला तर निम्मी इंजिनं बंद. म्हणजे ऐन उन्हाळ्यात निम्म्या बेटाचे एसी बंद.

मुदीर शांतपणे म्हणाले, "मॅडम, इतनी गरमी में लोग क्या करेगा? बच्चा है, बूढ़ा है."

"सर," आई म्हणाली, आणि तिचा आवाज मला अनोळखी वाटला, "गरमी हुई तो सब लोग एक घरमें बैठ सकते हैं. ये पानी टाकीमें गया, घर-घरमें गया, तो वापस कैसे लाएँगे?"

यंत्राचा पंखा फिरत होता. बाबा जमिनीकडे बघत होते. बंद पडणार होती ती त्यांची इंजिनं होती, आणि ती बंद करण्याइतकं चालू करणं सोपं नसतं हे तिथे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"खलास," मुदीर म्हणाले. "बंद करो."

बाबा वळले आणि व्हॉल्व्ह बंद करायला स्वतः गेले.

दुपारी जेवायला बसलो. आमटी-भात होता. बाबांनी विचारलं, "तुझं नाक चुकलं असेल तर?"

"तर चुकलं म्हणून सांगेन सगळ्यांना," आई म्हणाली. "मशिदीसमोर उभी राहून सांगेन. पण तशी माफी मागणं मला परवडेल. दुसरी नाही."

बाबांनी तिच्या ताटात भात वाढला. आमच्या घरात वाढायचं काम नेहमी आईचं असे.

तो दिवस गेला, दुसरा गेला. समुद्र तसाच निळा. साठवणीच्या मोठ्या टाकीत आधीचं चांगलं पाणी होतं, ते थोडं थोडं सोडायचं ठरलं. वीज गल्लीगल्लीला पाळीपाळीनं. लोक चिडले. कोळी सांगू लागले की आम्ही रोज समुद्रावर आहोत, पाणी स्वच्छ आहे. उम्म सालिमचा मुलगा सालिम, मरियमचा नवरा, आमच्या फाटकाशी आला. तो बाबांचा दोस्त होता, पण त्या दिवशी आत आला नाही. "एक औरत का नाक," तो म्हणाला, "और मेरा बच्ची गरमी में." बाबा त्याच्याजवळ उन्हात उभे राहिले. त्याला काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी पडद्याआडून आईकडे बघत होते. ती ओट्याशी पाठ करून उभी होती आणि कोरडंच पातेलं पुसत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्राचा रंग बदलला. आधी क्षितिजाशी एक तपकिरी पट्टा. मग तो जवळ आला तेव्हा कळलं की लाटा आवाज न करता येताहेत. तव्यावरचं तेल हलावं तशा त्या जड हलत होत्या. वास तर आता मलाही आला, अख्ख्या बेटाला आला. कुठल्या जहाजाचं तेल, कुणाची चूक, ते मोठ्या माणसांना पुढे कळलं असेल. आम्हाला कुणी सांगितलं नाही. मला आठवतो तो किनाऱ्यावर मरून पडलेला एक लांब मानेचा पक्षी, आणि त्याच्याजवळ टोपी काढून उभा असलेला सालिम.

त्याच संध्याकाळी सालिमनं आपली होडी काढली. त्याच्यामागून बाकीच्या होड्या निघाल्या. मुदीर, बाबा, प्लांटमधले पठाण फिटर, मल्याळी वेल्डर आणि ते सगळे कोळी मिळून पाइपाच्या तोंडाभोवती नारिंगी तरंगते अडसर ओढत होते. अडसर कमी पडले तेव्हा खजुराच्या झावळ्यांच्या चटया गुंडाळून त्यांचे लांब पेंढे बांधले. बाबा घरी आले ते तेलानं इतके माखलेले की ओळखू येत नव्हते. सालिम त्यांच्याबरोबर होता. तो आमच्या उंबऱ्याशी आला, आईकडे न बघता म्हणाला, "उम्म अमोल, माफ करना." आई म्हणाली, "आप पहले हाथ धो लो." मग तिच्या लक्षात आलं की हात धुवायलाही पाणी मोजकंच आहे, आणि दोघंही हसली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत एका खोलीत घडतात. उम्म सालिमच्या घरची बैठकीची खोली, ती मजलिस, बेटावरची सगळ्यात जुनी आणि जाड भिंतींची. आमच्या गल्लीची विजेची पाळी दुपारची असे, आणि तिनं फर्मान काढलं की सगळ्यांनी तिथेच यायचं. प्रत्येक घरात एकेक एसी लावून वीज जाळायची नाही. मग दुपारी त्या खोलीत वीस-पंचवीस माणसं. मध्ये पडदा, एका बाजूला बायका-मुलं. फिलोमिना आंटी मांडीवर ती उंदराएवढी मुलगी घेऊन बसलेली, कोपऱ्यातल्या सगळ्यात गार जागी. केरळी बायकांची बारीक कुजबूज, पाहुण्यांसाठी कापलेलं कलिंगड, गालिच्याला येणारा लोकरीचा वास. वीज आली की एसी आधी खोकायचा, मग घरघरायचा, आणि सगळ्यांचे चेहरे एकदम सैल पडायचे.

तिथे उम्म सालिमनं आम्हाला मकीनाच्या आधीचे दिवस सांगितले. गोडं पाणी तेव्हा गलबतातून यायचं, चामड्याच्या पखालींतून, आणि येईपर्यंत आंबायचं. गलबत चुकलं तर विहीर होती, मचूळ पाण्याची. त्या पाण्यानं तहान वाढायची. तिची धाकटी बहीण एका उन्हाळ्यात तसल्या पाण्यानं गेली. सांगताना तिचा आवाज चढला-उतरला नाही. बुरख्याआडून तिचे डोळे मात्र त्या बाळावर होते.

"फिर मकीना आया," ती म्हणाली. "पहला दिन नल खोला, पानी आया. मेरा अम्मा बोला, बंद करो, बंद करो, खतम हो जाएगा. वो सारा दिन नल के पास बैठा."

सगळ्या बायका हसल्या. मी हसले नाही, कारण मला ती नळाजवळ बसलेली बाई दिसत होती.

किनाऱ्यावरून बार्जनं पाण्याचे टँकर यायला लागले. आईनं सांगितलं, आधी दवाखाना, मग लहान मुलांची घरं, मग म्हातारी माणसं, आणि प्लांटच्या लोकांची घरं सगळ्यांत शेवटी. मुदीरांचं घरही शेवटच्या रांगेत. ते स्वतः बादली घेऊन उभे राहिलेले मी पाहिले, त्या पांढऱ्या कंदुऱ्याचे हात वर दुमडून. टँकरवाला संकोचून त्यांना पुढे बोलवत होता. ते हातानंच नको म्हणाले. मी तिकडे बरीच वर्षं काढली, उंच इमारती पाहिल्या, रुंद रस्ते पाहिले. पण त्या देशाबद्दल मला जो आदर आहे, तो त्या बादलीपासून सुरू होतो. पाणी आहे तर सगळ्यांच्या घरी, नाही तर सगळ्यांच्याच घरी नाही, हे तिथे कुणी भाषण करून सांगितलं नाही.

मग एक दिवस वारा फिरला. वायव्येचा शमाल सुटला, सगळं आकाश धुळीनं पिवळं झालं, आणि त्यानं तो तवंग बेटापासून दूर रेटून नेला. पाइप धुतला, जाळ्या बदलल्या, बाबांची इंजिनं एकेक करून चालू झाली. किनाऱ्याहून निरोप आला, नमुने चांगले आहेत. आईनं तरीही आणखी काही दिवस स्वतः पाणी तपासलं. पेले फिरवून फिरवून तिच्या मनगटाला सूज आली. मग एका सकाळी ती मुदीरांना म्हणाली, "सर, अब खोलो."

मशिदीच्या कर्ण्यावरून सांगितलं गेलं की पाणी आलं आहे, पिण्याजोगं आहे.

आणि कुणी प्यायलं नाही.

बंद करताना ओरडा झाला होता, उघडल्यावर मात्र नुसती शांतता. लोक बार्जचं पाणी मागत होते, बाटल्यांचे खोके मागवत होते. नळ सोडून कपडेसुद्धा कुणी धुवेना. डोळ्यांनी पाहिलेला तो काळा समुद्र त्यांच्या नळात अजून होता. आई दुपारी घरी आली, खुर्चीत बसली, बूट न काढता. गच्चीवरची टाकी भरलेली, पण गल्लीत कुणाच्या टाकीचा आवाज नाही.

"मी आता अजून काय करू?" ती बाबांना म्हणाली. "वासच नसलेल्या पाण्याला वास नाही हे कसं दाखवायचं?"

तेवढ्यात फाटक वाजलं.

उम्म सालिम आली होती. ती एरवी पुढच्या दारानं येत नसे, त्या दिवशी आली. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "उम्म अमोल. नल से पानी दो."

आईनं पेला घेतला, नळ सोडला, भरला. उम्म सालिमनं हात पुढे केला नाही.

"पहले तुम."

आई तो सगळा पेला प्यायली. एका दमात नाही, नेहमी पिते तसा, तीन-चार घोटांत. मग पुन्हा भरून अमोलला बोलावून दिला, मग मला दिला, मग बाबांना. उम्म सालिम बघत होती. पाणी कोमट होतं आणि त्याला कसलीच चव नव्हती. मी तेव्हा प्यायलेल्या पाण्याइतकं चांगलं पाणी मला पुढे कुठे मिळालं नाही.

"तुम पीता, तुम्हारा बच्चा पीता," उम्म सालिम म्हणाली. "तो मैं पीता." तिनं बुरखा किंचित उचलून पेला ओठाला लावला. दोन पेले प्याली. तिसरा भरून घेतला, वर तळवा झाकला, आणि भर उन्हात रस्त्यानं सगळ्यांना दिसेल असा हातात धरून हळूहळू चालत आपल्या घरी मरियमसाठी घेऊन गेली.

थोड्या वेळानं पलीकडच्या गच्चीवर आधी खडखड झाली, मग घूं असा भरदार आवाज. मग त्याच्या पलीकडच्या घरी. मग पुढच्या गल्लीत. बाबा खिडकीशी उभे राहून ऐकत होते.

दोन हजार सालानंतर किनाऱ्यावरून समुद्राखालून पाइप आला, केबल आली, आणि ते छोटं प्लांट बंद झालं. आम्ही शारजात अल नहदाला राहायला गेलो, अकराव्या मजल्यावर, जिथे पाणी कुठून येतं हे कुणी कुणाला विचारत नसे. पुढे आई-बाबा पुण्याला परतले. बेटावर आता सुट्टीला माणसं जातात म्हणे. अमोल म्हणाला, "जाऊन येऊ या का?" मी नको म्हटलं.

त्याऐवजी मी त्या संध्याकाळी आईला फोन लावला. तेलाच्या त्या दिवसांतलं तुला काय आठवतं, असं विचारलं. मला वाटलं, ती वासाचं सांगेल, मुदीरांचं सांगेल, त्या पेल्याचं सांगेल. ती म्हणाली, "केस."

आणि मग मलाही आठवलं. पाणी कमी, म्हणून त्या सगळ्या दिवसांत आईनं केस धुतले नव्हते. उम्म सालिम पेला घेऊन गेल्यावर आई न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे केस कंबरेपर्यंत ओले मोकळे होते. असे केस सोडून ती कधी अंगणात बसत नसे, पण त्या दिवशी बसली. ऊन उतरलं होतं. अंगणातली वाळू जिथे केसांतून पाणी ठिबकलं तिथे काळी होत होती. गल्लीत कुठेतरी कुणीतरी पायऱ्या धूत होतं, कुठेतरी मुलं नळाखाली ओरडत होती.

मधल्या भिंतीचं छोटं दार उघडून उम्म सालिम आली. तिच्या हातात मातीचं धुपाटणं होतं, त्यात निखाऱ्यावर उदाचे तुकडे. तिथे बायका सणाला, लग्नाला केसांना धूप देतात. ती आईच्या पाठीमागे पायरीवर बसली, एका हातानं तिचे ओले केस उचलून धरले आणि दुसऱ्या हातानं खाली धुपाटणं धरलं. धूर केसांत शिरला, वर आला, आईच्या कानांमागून, कपाळावरून. आई मान मागे टाकून बसली होती.

मग तिनं डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.